पुराच्या ॲक्शनपटात दोर कुणाच्या हातात? सीमाभागातली माणसं पडद्यावर आणताना

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या पुरावर ॲक्शनपट, वेबमालिका, लघुपट लिहिणाऱ्या आणि काढणाऱ्यांसाठी हा धागा उघडतोय. विषय एवढाच: अशा सिनेमात कोण दिसतं, कोण बोलतं आणि संकटात काही करतं कोण. कामाचं लिहा, मोघम नको.

सुरुवात पाण्यापासून करतो, कारण पूर कसा येतो त्यावर पात्रं ठरतात. कोयना, वारणा, पंचगंगा यांचं पाणी घेऊन कृष्णा राजापूर बंधाऱ्यावरून खाली उतरते. वेदगंगा दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला, आणि कल्लोळजवळ सगळ्यांची बेरीज होते. हिरण्यकेशी आंबोलीहून निघून आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येते. हिडकल धरणातून पाणी सोडलं की गोकाकला पूर, नविलुतीर्थ धरणातून सोडलं की रामदुर्गला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे सगळं एकदम झालं आणि यमगर्णीजवळ महामार्गसुद्धा बंद पडला.

त्सुनामीसारखी पाण्याची भिंत आपल्याकडे येत नाही. आपला पूर आधी आकड्यांत येतो, बहुतेक वेळा काही तास अगोदर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, म्हणजे लाख क्युसेक हा सेकंदाला अठ्ठावीस लाख लिटरचा लोंढा. तो आकडा आधी कुणाला कळला, कुठल्या भाषेत कळला, त्याचा अर्थ कुणाला लागला आणि अर्थ लागूनही कुणाचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही, आपल्या कथेचं खरं नाट्य तिथं आहे. विविधता म्हणून चार वेगळे चेहरे गर्दीत उभे केले तर कथेला काहीच फरक पडत नाही. कळणं आणि ठरवणं ही दोन कामं वेगवेगळ्या माणसांच्या हाती दिली, तर पुढचं प्रत्येक दृश्य बदलतं.

२००९ चा ‘२०१२’ हा हॉलिवूडचा प्रलयपट घ्या. पोस्टरवर, पात्रयादीत विविधता भरपूर आहे. अमेरिकेचा अध्यक्ष कृष्णवर्णीय, मुख्य शास्त्रज्ञ कृष्णवर्णीय. पृथ्वीच्या पोटात काहीतरी बिघडलंय हे मात्र पहिल्यांदा कळतं ते भारतातल्या खाणीत, भारतीय शास्त्रज्ञाला. त्याला न्यायला विमान येतच नाही आणि तो बायकापोरांसह लाटेत जातो. शोध लावायचा, फोनवर निरोप द्यायचा आणि मरायचं, एवढंच त्याच्या वाट्याला. संहिता तपासायची तर हा हिशेब आधी मांडा.

---

संकलन_टेबल

हिशेब कसा मांडायचा ते सांगतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

संहितेची छापील प्रत घ्या. पहिल्या वाचनात बोलणाऱ्या प्रत्येक पात्राची ओळ करा: नाव, वय, बाई की पुरुष, घरची भाषा, धंदा. ‘बाई १’, ‘म्हातारा’, ‘मुस्लिम दुकानदार’ असं लिहिलेलं असेल तर नावाचा रकाना रिकामा ठेवा. रिकामे रकाने कुणाच्या वाट्याला आले ते लगेच दिसतं.

दुसऱ्या वाचनात फक्त आज्ञार्थ मोजा. ‘चला’, ‘थांब’, ‘दोर टाक’, ‘म्हशी सोडा’. ही वाक्यं कोण बोलतं आणि त्यातली किती ऐकली जातात, दोन्ही लिहा. पुष्कळ संहितांत बायका बोलतात भरपूर, पण ‘अगं बाई’, ‘देवा’, ‘माझं बाळ’ यापलीकडे काही नसतं. आज्ञार्थ शून्य.

तिसऱ्या वाचनात वस्तू बघा. स्टिअरिंग, दोर, बॅटरी, मोबाइल, वल्हं, कुलपाची किल्ली. पानागणिक प्रत्येक वस्तू कुणाच्या हातात आहे ते टिपा. ॲक्शनपटात कॅमेरा वस्तूच्या मागं जातो, त्यामुळं ज्याच्या हातात वस्तू त्याच्या वाट्याला जवळचे शॉट.

चौथं वाचन मरणाचं. कोण मरतं, कितव्या पानावर, कुणाला वाचवताना. ‘केदारनाथ’ या हिंदी पूरपटात मुस्लिम नायक मन्सूर शेवटी हेलिकॉप्टरमधली आपली जागा दुसऱ्याला देतो आणि स्वतः जातो. दृश्य म्हणून ते भिडतं. पण अल्पसंख्य समाजातला नायक चांगला ठरायला त्याला मरावंच लागतं, असा शेवट आपल्या हातून नकळत लिहिला जातोय का, हे चौथ्या रकान्यात कळतं.

आता ही कसरत का करायची ते. संकलनात लांबी कमी करायची वेळ आली की पहिली कात्री ज्याच्या जाण्यानं कथा अडत नाही त्याच्यावर चालते. त्यात कुणाचा द्वेष नसतो, दोन तास पाच मिनिटांचा सिनेमा दोन तासांत बसवायचा असतो. म्हणून ‘या पात्राला जास्त संवाद द्या’ या सूचनेनं काही साधत नाही, संवाद कापले जातात. त्या पात्राला कापता येणार नाही असं काम द्या. होडीचं डिझेल कुठं आहे हे फक्त तिलाच माहीत, किंवा बंधाऱ्याच्या फळ्या काढायची आकडी त्याच्याकडेच. मग संकलकाला ते पात्र ठेवावंच लागतं.

---

टिळकवाडी_पटकथा

मोजणीला माझा विरोध नाही, पण तिच्यावर विसंबण्याला आहे. बेक्डेल कसोटी १९८५ च्या एका चित्रपट्टीतून आली: दोन बायका असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलाव्यात. पूरपटात ही कसोटी पार करणं अगदी सोपं. दोघी ‘पाणी वाढलं का गं?’ म्हणाल्या की झालं. त्यानं काय साधलं?

ऑस्करचे समावेशनाचे निकष २०२० साली जाहीर झाले आणि ९६ व्या सोहळ्यापासून सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या शर्यतीला लागू झाले. चार गटांपैकी दोन पूर्ण केले की पुरे. चारांपैकी एकच गट पडद्यावरच्या पात्रांचा आणि कथेचा आहे. बाकीचे तंत्रज्ञ, शिकाऊ उमेदवारी आणि जाहिरात-वितरणाच्या माणसांबद्दल. मोठ्या स्टुडिओला पडद्यावर काहीही न बदलता दोन गट जमवता येतात.

म्हणून मलप्रभाकाठ म्हणतात तेच धरून चालू: कळलं कुणाला, ठरवलं कुणी. यात मी तिसरा प्रश्न घालीन, चूक कुणाची झाली. विविध पात्रं घेणारे लेखक त्यांना चुका करू देत नाहीत. सगळी सोज्वळ, समजूतदार, दोन ओळींची. गावातली कडक स्वभावाची सरपंच बाई एखादा निर्णय चुकीचा घेते, त्यात तीन घरं अडकतात आणि ती स्वतःच तो निस्तरायला निघते. असं लिहिलं की ती माणूस होते.

---

दूधगंगा_वेदगंगा

आता गावात ऑगस्टमध्ये खरंच कोण असतं ते लिहितो, कारण घोळ इथंच जास्त होतात.

ऊसतोड टोळ्यांच्या खोपी पुरात वाहून जाताना दाखवू नका. तोडणी दिवाळीच्या आसपास सुरू होते, ऑगस्टमध्ये टोळ्या नसतातच. वीटभट्ट्याही पावसाळ्यात बंद. शेतात ऊस उभा असतो, सोयाबीन असतं, निपाणी भागात तंबाखूच्या लावणीचे दिवस. घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका असतात. त्यांच्यासाठी पूर म्हणजे आधी पानं आणि तंबाखू भिजणं. सुपातला माल पोत्यात भरून माळ्यावर चढवणं हे त्यांचं पहिलं काम, दागिन्यांचा डबा नंतर. गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती अर्धवट रंगवलेल्या असतात. २०१९ ला बकरी ईद १२ ऑगस्टला आली आणि श्रावणही चालू होता. म्हणजे गंजी केंद्रात (पूरग्रस्तांच्या सरकारी निवाऱ्यात) एकाच शाळेच्या वर्गात उपास धरलेली आजी, ईदचं सामान पाण्यात गेलेलं घर आणि सूर्यास्ताआधी जेवण उरकणारं जैन कुटुंब एकत्र येतं. चिकोडी-अथणी पट्ट्यात जैन वस्ती मोठी आहे, तरी पडद्यावर ती जवळजवळ दिसत नाही. स्वयंपाक कितीला लावायचा, एवढ्यावरून त्या वर्गात एक चांगलं दृश्य उभं राहतं आणि त्यात एकही भाषण लागत नाही.

घरं कुणाची आधी बुडतात हेही अंदाजानं ठरवू नका. गावाचा उंचीनुसार नकाशा करा. १:५०,००० च्या टोपोशीटवर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतरानं असतात, गल्लीचा चढउतार त्यावर कळत नाही. त्याऐवजी देवळाच्या पायऱ्या, शाळेची भिंत, तालीम, दर्गा यांच्यावरच्या जुन्या पुराच्या खुणा बघा. खुणा जोडल्या की पाणी कुठल्या गल्लीत पहिल्यांदा शिरतं ते कागदावर येतं. नदीकडच्या सखल भागात कुणाची वस्ती आहे ते लपवू नका. तोच तुमचा पहिला अर्धा तास.

आणि काहील. गुऱ्हाळावरची काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, पुरात माणसं न्यायला वापरतात, हे कृष्णाकाठच्या दोन्ही बाजूंना माहीत आहे. आठ-नऊ फूट व्यासाची काहील घ्या. नऊ फुटांच्या काहिलीचं क्षेत्रफळ साधारण ५.९ चौरस मीटर, म्हणजे ती एक सेंटिमीटर खाली जायला सुमारे ५९ किलो वजन लागतं. सहा माणसं बसली तर सहा-सात सेंटिमीटरच बुडते. वजनानं ती सहसा बुडत नाही. सगळी एका काठाकडं सरकली की कलते आणि पाणी आत घेते. गोल असल्यानं सरळ चालत नाही, जागच्या जागी फिरते. म्हणून दोघं पोहणारे काठ धरून बाहेर असतात आणि आत सगळ्यांनी मधे खाली बसायचं असतं, उभं राहायचं नाही. ‘हलू नका, मधे सरका’ हे वाक्य तिथं कुणाच्या तोंडी द्यायचं? गुळव्याच्या (गूळ करणाऱ्याच्या) किंवा जळव्याच्या (चुलवणात जाळ घालणाऱ्याच्या). काहील त्याच्या रोजच्या हातातली आहे. शहरातून आलेल्या नायकानं त्यालाच काहील कशी चालवायची ते शिकवलं, तर ते दृश्य इथल्या माणसाला पटणार नाही.

---

जांबोटी_घाट

खानापूरच्या बाजूचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि वरचा भाग सगळा जंगलाचा. तिथले गवळी-धनगर वाडे आणि सिद्दी वस्त्या सिनेमात आल्या तर दोनच रूपांत येतात: पार्श्वभूमीला नाच, नाहीतर नायकाला जंगलातून वाट दाखवून नाहीसा होणारा वाटाड्या.

सिद्दी समाज आफ्रिकी वंशाचा. हल्याळ, येल्लापूर, अंकोला, मुंडगोड आणि आपल्या खानापूर तालुक्यात वस्ती. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती तिन्ही धर्मांचे लोक, कोंकणी बोलतात, शिवाय मराठी, कन्नड, उर्दू. १९८० च्या दशकात खेळाडू घडवण्याच्या सरकारी योजनेत इथली मुलं निवडली गेली. तेव्हापासून ‘सिद्दी म्हणजे ताकद’ हा साचा पक्का झाला. ॲक्शनपटात तो आणखी घट्ट बसतो: झाड उचल, दार फोड, गप्प राहा.

यावर सोपा उपाय म्हणजे त्या पात्राला बोलण्याचं, हिशेबाचं काम द्या. वायरलेस सांभाळणारी मुलगी, औषधांची यादी करणारी आशा कार्यकर्ती, पुलाच्या खांबाला साचलेला पालापाचोळा बघून पाणी कुठून फुगणार ते सांगणारा वनखात्याचा माणूस. आणि भूमिकेसाठी सिद्दी कलाकारच घ्या. चेहरा काळा रंगवून दुसऱ्याला उभं करणं याला आता माफी नाही. कलाकार मिळत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी वस्तीत जाऊन दोन दिवस वाचन ठेवावं. रोजचा भत्ता, प्रवास आणि जेवण आधी सांगावं, कागदावर द्यावं. फक्त मोबाइलवर व्हिडिओ पाठवा म्हटलं, तर जिथं रेंज नाही तिथली माणसं आपोआप गळतात.

---

पाण्यातलं_काम

साहसदृश्यांकडं येऊ. प्रतिनिधित्वाची निम्मी बाजू इथं निसटते आणि प्रेक्षकाला ते दिसतही नाही.

पडद्यावर बाई उडी मारते, प्रत्यक्षात बऱ्याचदा टोप घातलेला पुरुष असतो. ‘शोले’त हेमा मालिनीसाठी रेश्मा पठाण यांनी साहसदृश्यं केली, म्हणजे १९७५ सालीही काम करणारी बाई मिळत होती. बाईच्या जागी बाईच बदली कलाकार घ्यायची तर अडचण कपड्यांची येते. पुरुषाला पॅन्ट-जॅकेटखाली गुडघ्याचे, कमरेचे, पाठीचे पॅड बांधता येतात. परकर-पोलक्याखाली जागा नसते, म्हणून बायकांना मार जास्त बसतो. तीन मिलिमीटर निओप्रीनचा बिनबाह्यांचा आतला कपडा पोलक्याच्या आत बसतो. त्यानं ऊब राहते, थोडी तरंगही मिळते. गुडघ्याला आणि नडगीला पातळ पॅड, वर साडी.

साडी कशी नेसवायची हा मोठा मुद्दा. मोकळा पदर आणि घोट्यापर्यंत निऱ्या घेऊन कुणीही बाई पाण्यात चालू शकत नाही, कापड पायात अडकतं. मग पडद्यावर ती असहाय दिसते आणि लेखकाला वाटतं, तिला वाचवायलाच पाहिजे. शेतात काम करणारी बाई पाण्यात उतरताना ओचा वर खोचते, पदर कमरेला आवळते, नाहीतर कासोटा घालते. तशी नेसवा, ती चालते, दोर ओढते. वेशभूषेनंच पात्राची ताकद ठरते. चित्रीकरणासाठी निऱ्या आतून शिवून घ्या, टाचण्या अजिबात नकोत. निव्वळ सुती कापड पाणी पिऊन जड होतं, मिश्र धाग्याचं घ्या. एका पात्राच्या एका साडीच्या कमीत कमी सहा प्रती लागतात: कोरडी, भिजलेली, फाटलेली, प्रत्येकी कलाकाराची एक आणि बदलीची एक. हे अंदाजपत्रकात आधी धरलं नाही की दुसऱ्या दिवशी ‘तिचं दृश्य कमी करूया’ अशी भाषा सुरू होते.

पाण्याचे आकडे. वेगाचं पाणी पंधरा सेंटिमीटर असलं तरी माणसाचा पाय सुटतो, साठ सेंटिमीटरला बहुतेक गाड्या वाहतात. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. त्यामुळं छातीभर पाण्यातून नायक मुलाला खांद्यावर घेऊन आडवा चालतोय, हे फक्त साचलेल्या पाण्यातच शक्य आहे. वाहत्या पाण्यात नाही. टाकीत काम करताना पाणी कमरेइतकं ठेवा, तळ घसरडा नको. वरून सोडायचं पाणी हजार लिटर म्हणजे एक टन, ते थेट अंगावर नको, उतरत्या पाटावरून सोडा. गढूळ रंगासाठी नदीचा गाळ आणू नका, लेप्टो आणि जुलाबाची भीती. गाळलेल्या, क्लोरीन घातलेल्या पाण्यात मुलतानी माती चालते. म्हातारी माणसं आणि मुलं गर्दीत असतील तर पाणी कोमट ठेवा आणि त्यांच्या पाळ्या लहान ठेवा. नाहीतर तासाभरात ती थरथरायला लागतात, मग उरलेल्या गर्दीत फक्त तरणे पुरुष राहतात. पडद्यावर तसंच दिसतं.

---

कल्लोळ

पाण्यातलं_काम यांचा शेवटचा मुद्दा गर्दीला नीट लागू होतो. गर्दी माणसांनी भरू नका, घरांनी भरा. साठ जण मिळाले तर पाच-पाचांची बारा घरं करा: कुणाची भाषा कुठली, म्हातारं कोण, म्हैस आहे का, कोण गावाला गेलंय. प्रत्येक घराला एकच गोष्ट वाचवायची सांगा. दिग्दर्शकाला बारा वेगळ्या हालचाली फुकट मिळतात आणि सगळे एकाच दिशेनं ओरडत पळतात हा प्रकार टळतो.

म्हशी, बैल घेणार असाल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधी घ्यावी लागते. माणसं घर सोडत नाहीत त्याचं मोठं कारण गोठा. दावं वेळेत सोडलं तर म्हैस पोहते, बांधलेली राहिली की जाते. दुभत्या जनावराचं सगळं घरात बहुतेक बायकाच बघतात. मग ‘दावं कापायचं की थांबायचं’ हा निर्णय तिचाच, आणि आर्थिकदृष्ट्या तो पुरातला सगळ्यात मोठा निर्णय.

---

रामदुर्गवाला

भाषेबद्दल. मराठी माणसाच्या सिनेमात कन्नड बोलणारा म्हणजे आडमुठा कारकून, कन्नड सिनेमात मराठी बोलणारा म्हणजे भांडकुदळ. दोन्हीकडं हा सगळ्यात आळशी साचा. पुरात दोर टाकणारा ‘बेग बन्नी’ म्हणाला काय आणि ‘लवकर या की’ म्हणाला काय. सीमावादाचं भाषण पूरपटात घालू नका, त्यानं पाणी थांबतं आणि सिनेमाही. दोन राज्यांच्या धरणांचे आकडे दोन ठिकाणी, दोन भाषांत येतात आणि मधल्या गावाला दोन्ही जोडून अर्थ लावावा लागतो, ही मात्र अस्सल कथा आहे. ते जोडणारं पात्र दोन्ही भाषा घरात बोलणारं ठेवा. आपल्याकडं अशी माणसं हर गल्लीत आहेत: दख्खनी बोलणारा रिक्षावाला, माहेर अथणीचं आणि सासर कागलचं असलेली सून.

---

संकलन_टेबल

रामदुर्गवाल्यांना दुजोरा. मल्याळम ‘२०१८’ बघा. केरळच्या पुराच्या त्या सिनेमात तमिळ ट्रकचालक आहे, मच्छीमार बापलेक आहेत, अंध दुकानदार आहे, टॅक्सीवाला आहे. ट्रकचालक बाहेरचा आहे म्हणून त्याला खलनायक केलं नाही, त्याची स्वतःची अडचण दिली. मच्छीमारांनी ट्रकवरून होड्या आणल्या हा त्या पुराचा खरा इतिहास, तोच त्यांनी ॲक्शनचा कणा केला. बायकांना मात्र त्यातही कृतीचा वाटा कमीच आला. आज्ञार्थ मोजून बघा, लगेच कळेल.

बोलींचं एक तांत्रिक. संवाद नंतर मुंबई-पुण्यात डब केले की निपाणीचा कोल्हापुरी हेल आणि खानापूरचा कोंकणीकडं झुकलेला सूर, दोन्ही सपाट होतात. पाण्यात थेट ध्वनी मिळत नाही, पंप आणि पंख्यांचा गोंगाट असतो, म्हणून डबिंग टळत नाही हे खरं. मग दृश्य संपल्यावर लगेच, त्याच जागी, पंप बंद करून तेच कलाकार घेऊन संवाद कोरडे ध्वनिमुद्रित करा. दम लागलेला असतो तो आवाजात येतो. दोन महिन्यांनी स्टुडिओत तो येत नाही.

उपशीर्षकं दोन ओळींच्या वर नकोत, एक पट्टी साधारण एक ते सात सेकंद. धावपळीत प्रेक्षक वाचत नाही, म्हणून भाषांतर छाटा. ‘कन्नडमध्ये बोलतो’ एवढंच लिहून सोडणं म्हणजे त्या पात्राला मुकं करणं. भाषा बदलली हे दाखवायला तिरपं अक्षर पुरतं, वाक्याचा अर्थ द्यायलाच हवा.

---

खूण_भाषा

अपंग पात्रांबद्दल कुणी लिहिलं नाही. २०१८ च्या ‘स्कायस्क्रेपर’मध्ये नायकाचा एक पाय कृत्रिम आहे आणि त्याच पायाचा तो दार अडवायला उपयोग करतो. लिखाण म्हणून ते चांगलं, कारण तो पाय कथेचा भाग आहे. पण भूमिका दोन्ही पाय असलेल्या अभिनेत्यानं केली आणि त्यावर अपंग कलाकारांनी जाहीर आक्षेप घेतला. त्याच वर्षीच्या ‘अ क्वाएट प्लेस’मध्ये कर्णबधिर मुलीच्या भूमिकेत कर्णबधिर अभिनेत्री मिलिसेंट सिमंड्स होती आणि तिच्यामुळं खुणांची भाषा पडद्यावर खरी उतरली. आपल्याकडं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये अपंगांच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं दिली. अपंगांच्या सहभागाशिवाय त्यांच्याबद्दल काही नको, हे तत्त्व त्यात आहे. पटकथा लिहितानाच सल्लागार घ्या, शेवटी दाखवून परवानगी मागू नका.

पूरपटात कर्णबधिर पात्र असेल तर भोंगा, दवंडी, माइकवरची सूचना यातलं काही त्याच्यापर्यंत पोचत नाही. कथेत हे वापरा. दुसरीकडं त्याला काठावरचं पाणी चढताना इतरांआधी दिसतं, कारण तो आवाजाची वाट बघत बसलेला नाही.

चित्रीकरणाच्या अडचणी अशा. खुणा करताना चौकट कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत ठेवा, चेहऱ्याचा जवळचा शॉट घेतला की हात कापले जातात आणि संवादच जातो. रात्रीच्या दृश्यात बॅटरीचा उजेड हातांवर आणि चेहऱ्यावर पडेल अशी कारणं संहितेतच ठेवा. एका हातात दोर असेल तर खुणा एका हातानं कशा होतात ते सल्लागाराकडून बसवून घ्या. सेटवर दुभाषी दोघं लागतात, वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलतात, एकट्याचे हात आणि मेंदू दोन्ही थकतात. सगळ्यात महत्त्वाचं, पाण्यातल्या साहसदृश्यात ‘ॲक्शन’ आणि ‘कट’ ओरडून चालत नाही. दिव्याची खूण ठरवा, शिवाय कमरेच्या दोरीला ओढ: एक ओढ सुरू, दोन थांब, तीन बाहेर. ही खूण सगळ्या कलाकारांना लावा, एकट्यालाच नको. पंपाच्या आवाजात ऐकू येणाऱ्यांनाही ओरडणं कळत नाही, त्यामुळं सगळेच जास्त सुरक्षित राहतात.

---

टिळकवाडी_पटकथा

खूण_भाषा ताई, फार कामाचं लिहिलंत. एक शंका. अंध प्रेक्षकासाठी ध्वनिवर्णन (पडद्यावर काय चाललंय ते आवाजात सांगणं) करायचं तर ॲक्शनमध्ये संवादांच्या मधे जागाच नसते. काय करायचं?

---

खूण_भाषा

जागा संकलनातच ठेवावी लागते. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं चित्रपटगृहांतल्या सुगम्यतेसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ध्वनिवर्णन आणि बंद मथळे (क्लोज्ड कॅप्शन, म्हणजे संवाद आणि आवाज लिहून दाखवणाऱ्या पट्ट्या) दोन्ही आहेत. म्हणजे हे काम आता टळत नाही.

ध्वनिवर्णन लिहिणाऱ्याला संकलनाची पहिली जुळवणी झाली की बोलवा, ध्वनिमिश्रण झाल्यावर नको. प्रत्येक मोठ्या दृश्यात दोन-तीन सेकंदांच्या अशा जागा सोडा जिथं फक्त पाण्याचा आवाज आहे. त्यात एवढंच सांगायचं: कोण कुठं, हातात काय, पाणी कुठवर. ‘भीषण दृश्य’ वगैरे विशेषणं नकोत, पाणी छातीला आलं की कंबरेला ते सांगा. पात्रांची ओळख पहिल्यांदाच नावानं आणि कामानं द्या, ‘एक बाई’ म्हणून सुरू केलं तर शेवटपर्यंत ती एक बाईच राहते. मथळ्यांतही ‘पाण्याचा आवाज’ असं वीस वेळा लिहू नका. ‘डावीकडून लोंढा’, ‘पुलाखाली गुरगुर’, ‘दूरवर कन्नडमध्ये माइकवरून सूचना: शाळेकडं चला’ असं लिहा. दिशा, अंतर आणि भाषा तिन्ही आली की वाचणाऱ्याला दृश्य कळतं.

---

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. संकलन_टेबल यांचे चार रकाने, कल्लोळ यांची बारा घरं आणि साडीच्या सहा प्रतींचा खर्च असं मिळून एक कोरा तक्ता करून इथं चढवतो. कळलं कुणाला, ठरवलं कुणी, चूक कुणाची, असे तीन रकाने त्यात आणखी असतील. ज्यांच्याकडं पुराची संहिता तयार आहे त्यांनी पहिली दहा पानं तक्त्यात भरून इथंच टाका, बाकीचे त्यावर बोलतील. जांबोटी_घाट, सिद्दी आणि गवळी-धनगर वस्त्यांतल्या वाचनासाठी जागा आणि प्रवासाचं नियोजन कसं करायचं ते जरा सविस्तर लिहा की.